चाकांच्या मधली सीट

“उन्हाची बाजू कुठली?” मी विचारलं.

रेश्मा कॉम्प्युटरवरची नजर न काढता हसली. “काका, विमानाला कसली उन्हाची बाजू? आत एसी असतो.”

“एसी असला म्हणून ऊन काय बाहेर थांबतं? सकाळची गाडी आहे, पूर्वेला चाललीय, दिवस थंडीचे. ऊन समोरून आणि उजवीकडून येणार. सावली डावीकडं.”

“गाडी नाही, विमान. पण बरोबर बोललात. तुम्हाला डावीकडचीच पाहिजे. दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना सगळा हिमालय डाव्या हाताला राहतो. जाताना ए, येताना एफ. ह्या दोन खिडक्या.”

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. चौकोनांच्या रांगा, मधून बोळ. तीन सीटा इकडं, तीन तिकडं. आमच्या गाडीला तीन-दोन असायच्या, एवढाच फरक. तक्ता बघून मला जरा बरं वाटलं. नाहीतर विमान म्हटल्यावर माझं त्यात काहीच चालणार नाही असं मी धरून आलो होतो.

“एकूण नंबर किती?”

“तीस ओळी.”

“मग चौदा दे. चौदा ए आणि चौदा बी. येतानाही चौदाच.”

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. “काका, हे तुमच्या गाडीसारखं नसतं,” ती सांगायला लागली.

“चौदाच दे,” मी म्हटलं.

तिनं चौदा दिली. ही दोन हजार सात सालची गोष्ट, दिवाळी नुकतीच झाली होती. रेश्मा मुल्ला आमच्याच डेपोतल्या ड्रायव्हर मुल्लांची मुलगी. लहानपणी बापाचा डबा घेऊन स्टँडवर यायची आणि माझ्या टेबलाखाली बसून बाद तिकिटांच्या होड्या करायची. आता तिनं बाजारपेठेत एका गाळ्यात प्रवासाची एजन्सी टाकली होती.

मी वसंत फाळके. कराड स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलो आणि त्याच्या आदल्या वर्षी रिटायर झालो. लोकांना वाटतं, आरक्षण म्हणजे तक्त्यावर फुली मारायची आणि सुटे परत द्यायचे. तसं नसतं. सकाळी पुण्याला जाणाऱ्याला डावीकडची द्यायची, संध्याकाळी जाणाऱ्याला उजवीकडची, म्हणजे ऊन लागत नाही. ज्याला ओकारी होते त्याला पुढची. आणि पोटुशी बाई असेल, म्हातारं माणूस असेल, मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन घरी निघालेला कुणी असेल, तर त्याला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधली सीट द्यायची. तिथं धक्के सगळ्यात कमी बसतात. नियमात हे कुठं लिहिलेलं नाही. मी आपला देत होतो. सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि बायका खिडकीशी येऊन सांगायच्या, “फाळकेभाऊ, चाकांच्या मधली हं.”

माझ्या मुलाला मात्र मी कधी खिडकी दिली नाही. मिलिंद आमचा एकुलता एक. सुट्टीत आजोळी निघाला की म्हणायचा, “बाबा, खिडकी.” मी म्हणायचो, “रांगेत जे आधी आले त्यांच्या आधी?” मग तो मागच्या लांब बाकावर बसून जायचा, खड्डा आला की वीतभर उडायचा आणि हसायचा. त्याला त्याचं काही नव्हतं. मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

कॉलेजात गेल्यावर त्याला डोंगराचं वेड लागलं. आधी कराडजवळचा आगाशिव, मग सगळे किल्ले, मग सुळके, मग पुण्याच्या एका संस्थेबरोबर हिमालय. नव्व्याण्णव साली ऑक्टोबरात तो निघाला तेव्हा पुण्यापर्यंतचं तिकीट मीच काढून दिलं. गाडी अर्धी रिकामी होती. तरी मी हातानं लिहून टाकलं ते चाकांच्या मधलं, बोळाच्या बाजूचं.

“बाबा,” तो तिकीट बघून म्हणाला, “मी हिमालयात चाललोय. तुम्ही धक्क्यांचं काय सांगताय?”

ते आमचं शेवटचं बोलणं. नंतर तो गाडीत चढला आणि मी पुढच्या माणसाला “कुठं?” म्हणून विचारलं.

सतरा दिवसांनी फोन आला, तोही डेपोतच. बर्फाचा कडा सुटून आला होता. चौघांपैकी तिघं दोराला लटकून राहिले, एकाचा दोर तुटला. खाली इतकी खोल फट होती की शोधायला उतरता आलं नाही. मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. खिडकीबाहेर सात माणसं उभी होती. त्या सातांना मी त्यांच्या सीटा दिल्या, मग खिडकीची फळी पाडली आणि घरी गेलो. पुढं किती दिवस लोक हेच सांगत होते, फाळके किती खंबीर आहेत म्हणून. खंबीर वगैरे काही नव्हतो. आत काही हललंच नव्हतं.

इंदू, माझी बायको, रडली. पुष्कळ रडली. पण दहाव्याचा विषय निघाला तेव्हा तिनं डोळे पुसले आणि सांगितलं, “नाही.”

गुरुजी म्हणाले, “वहिनी, देह मिळाला नाही तरी दर्भाचा पुतळा करून सगळं यथासांग करता येतं. शास्त्रात सोय आहे.”

“असेल,” ती म्हणाली. “मी ती जागा एकदा डोळ्यांनी बघेन, मग करा. न बघता मी कुणालाही काही करू देणार नाही.”

त्यावर आठ वर्षं गेली. दर सर्वपित्रीला मी म्हणायचो, “अगं, आता करून टाकू.” नातेवाईक म्हणायचे, “वसंतरावांचं बरोबर आहे, पोराला गती मिळायला नको?” इंदूचं उत्तर ठरलेलं होतं, “मला तिकडं न्या.” न्यायचं कसं, हा प्रश्न होता. तिला दम्याचा त्रास, डॉक्टरांनी उंचावर जायला बंदी केली होती. आणि त्या मोहिमेचा प्रमुख गिरीश उपासनी घरी येऊन सांगून गेला होता की तो डोंगर खालच्या गावांतून दिसतच नाही, मोठ्या डोंगरांच्या पाठीमागं लपतो. दिसला तर विमानातूनच, आणि तोही दहा मिनिटं. त्यानं इंदूला एका पोस्टकार्डावर पेन्सिलीनं आकृती काढून दिली होती. तीन सुळके, चौथा जरा बुटका, त्याच्या उजव्या खांद्यावर एक खाच. खाचेखाली त्यानं एक बारीक टिंब दिलं होतं. त्या डोंगराचं नाव मी इथं लिहीत नाही. घरातही आम्ही कधी घेतलं नाही. आम्ही ‘तो डोंगर’ म्हणायचो.

रजा मिळत नाही, तुझी तब्येत बरी नाही, पावसाळा आहे, असं करत मी वर्षं काढली. रिटायर झाल्यावर रजेचं कारण संपलं. मग इंदूच एक दिवस म्हणाली, “उद्या रेश्माकडं जाऊन या,” आणि मी गेलो.

दिल्लीच्या विमानतळावर आम्ही चार तास आधी पोचलो. इंदूनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, ती आम्ही खुर्च्यांवर बसून खाल्ली. ती बोलत नव्हती, पण रुसल्यासारखीही नव्हती. मधूनच पर्स उघडून पोस्टकार्ड आहे ना बघायची.

विमानात चढताना इंदू माझ्या मागं होती. मी चौदा नंबर शोधला. नंबर डोक्यावर लिहिलेले होते, अंधारातही दिसतील असे, ते मला आवडलं. सामान वर ठेवून वळून पाहतो तर इंदू अजून दाराशीच. तिथल्या एअर होस्टेसशी काहीतरी बोलत होती. इंदूचं हिंदी म्हणजे टीव्हीवर ऐकलेलं. पाणी मागत असेल असं मला वाटलं.

ती आली आणि खिडकीत बसली. बाहेर पाहिलं.

“पंख आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“मोठा आहे.”

खरोखरच मोठा होता. डेपोच्या शेडचा पत्रा असतो तेवढा. खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढं बघितलं तरी पंख, मागं बघितलं तरी पंख.

“मधे धक्के कमी बसतात,” मी म्हटलं. “म्हणून ही घेतली.”

“माहितीय,” इंदू म्हणाली. “मिलिंदलाही तुम्ही तसलीच दिली होती.”

तिनं पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. ती चिडेल, निदान हळहळेल तरी, असं मला वाटलं होतं. आठ वर्षं ज्याच्यासाठी थांबली त्याच्या आड पत्रा आला होता. पण चिडली नाही. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, भाजी निवडताना असतो तसा.

विमान उडाल्यावर तासाभरानं पायलट बोलला. इंग्रजी मला नीट कळलं नाही, पण डाव्या बाजूची सगळी डोकी खिडक्यांना चिकटली, त्यावरून कळलं. उजवीकडची माणसं उठून बोळात आली. आमच्या पुढच्या ओळीतला एक मुलगा कॅमेरा घेऊन इकडून तिकडून वाकला आणि “ओह, विंग!” म्हणून वैतागून मागं गेला. माझ्या शेजारी बोळाच्या सीटवर एक बंगाली गृहस्थ होते. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “बॅड लक.” मी मान हलवली.

इंदूनं डोळे उघडले. पोस्टकार्ड काढून हातात धरलं. खिडकीकडं बघितलंच नाही. माझ्याकडंही नाही. कुणाची तरी वाट बघत बसावं तशी समोर बघत बसली.

मी उठून कुणाला तरी विचारायला हवं होतं. एका बाईला तिच्या मुलाची जागा बघायची आहे, दोन मिनिटं खिडकी देता का, एवढंच. एकतीस वर्षं मी लोकांना सीटा बदलून दिल्या. कुणाला म्हातारीशेजारी बसव, कुणाला उन्हातून सावलीत आण. त्या दिवशी माझे पायच उठले नाहीत. मी पुढच्या सीटच्या पाठीवर लटकवलेली पिशवी बघत होतो आणि माझ्या डोक्यात काही नव्हतं.

तेवढ्यात ती मघाची एअर होस्टेस बोळातून आली. वाकून म्हणाली, “माताजी, आइए. पीछे की सीट खाली करवाई है.”

इंदूनं पट्टा सोडला. आम्ही दोघं उठून तिला वाट दिली. बोळात उभी राहून तिनं मला विचारलं, “येताय?”

“तू जा,” मी म्हटलं. “दोघांनी जागा सोडून जाणं बरं दिसत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि मागं गेली. खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत गेली. कुठं बसली ते मला दिसलं नाही, मी वळून पाहिलं नाही.

खिडकीची जागा रिकामी झाली म्हणून मी तिथं सरकलो. पंखावर रिवेटांच्या ओळी होत्या. मधे इंग्रजीत लिहिलं होतं, इथं पाऊल टाकू नका, अशा अर्थाचं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पंखाच्या पुढच्या कडेवर बोटभर पांढरी रेघ दिसत होती. ढग असतील, असं मी ठरवलं. मान जरा उंच केली असती तर कळलं असतं. मी मान उंच केली नाही.

घड्याळ बघायची सवय जात नाही. इंदू अकरा मिनिटांनी परत आली. रडलेली नव्हती. गाल मात्र लाल झाले होते, काचेला टेकवून धरल्यासारखे.

“दिसला,” ती म्हणाली. “खाचेसकट. अहो, केवढा... सांगू?”

“आधी पट्टा लाव,” मी म्हटलं. “गाडी उतरायला लागली.”

तिनं पट्टा लावला. पोस्टकार्ड पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन ओढली.

सिलिगुडीला एका लॉजवर आम्ही दोन दिवस राहिलो. पहिल्या संध्याकाळी चहा पिताना इंदू म्हणाली, “आता तुम्ही म्हणत होता तो विधी करून घेऊ.”

“घेऊ,” मी म्हटलं.

“तुमची तयारी आहे ना?”

“माझी तर आठ वर्षं तयारी आहे.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “चहा गार होतोय.”

येतानाच्या तिकिटावर पंचवीस नंबर होता. मी रेश्माला चौदा सांगितला होता, पण गाडी बदलली की नंबर बदलतात, हे मला काही नवीन नव्हतं. पंचवीस एफ, उजवीकडची खिडकी, पंखाच्या खूप मागं. इंदूनं मला खिडकीत बसवलं. “जाताना मी बसले होते ना,” म्हणाली. मला नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

त्या दिवशी सगळं ढगाळ होतं. विमान वर आलं तर खाली कापूस पिंजून टाकल्यासारखे ढग, आणि उजवीकडंही ढगांची भिंत. डोंगर नाही, काही नाही. इंदूनं दोन-तीनदा माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि पुन्हा मागं टेकली. मी बघत राहिलो. दिल्लीपर्यंत बघत राहिलो. ऊन दुसऱ्या बाजूला होतं, त्यामुळं डोळ्यांना त्रास झाला नाही.

विधी आम्ही मार्गशीर्षात केला, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. दर्भाचा पुतळा हातभर लांब होता. गुरुजी म्हणाले, “नाव सांगा.”

“मिलिंद वसंत फाळके,” मी म्हटलं, “वय एकवीस.”

“वय लागत नाही,” गुरुजी हळूच म्हणाले.

मी अग्नी दिला. दर्भ लगेच पेटतो, फार वेळ लागत नाही. घरी येऊन आम्ही आंघोळी केल्या आणि जेवलो. लोक म्हणाले, आता पोर सुटलं. लोक असंही म्हणाले की इंदूवहिनींनी फार वर्षं अडकवून ठेवलं होतं त्याला, वसंतराव बिचारे केव्हापासून म्हणत होते. मी ऐकून घेतलं.

रेश्मा त्या दिवशी दुकानात काय म्हणाली, ते मी वर पुरतं लिहिलेलं नाही. “काका, हे तुमच्या गाडीसारखं नसतं,” एवढ्यावर ती थांबली नव्हती. ती म्हणाली होती, “चौदा बरोबर पंखावर येते. काकूंना काहीसुद्धा दिसणार नाही. पंचवीस नाहीतर त्याच्या मागची घ्या.” तिनं तक्त्यावर बोट ठेवून पंख कुठून कुठपर्यंत असतो तेही दाखवलं होतं. मी सगळं नीट ऐकलं होतं. मला तक्ता कळत नाही असं एकतीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. सगळं ऐकून मी म्हटलं होतं, चौदाच दे.

इंदूनं डोंगर पाहिला की विधी होणार होता. विधी झाला की मिलिंद गेलेला असणार होता. तोवर तो नुसता परत आलेला नव्हता. आठ वर्षं मी चारचौघांत ‘करून टाकू’ म्हणत होतो, कारण इंदू करू देणार नाही याची मला खात्री होती. तिच्या हट्टाच्या आडोशाला मीच बसलो होतो. तो हट्ट त्या विमानात संपणार होता, तर आणखी थोडे दिवस मिळावेत, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मी तिच्या खिडकीत पंख आणून ठेवला. धक्के कमी बसतात, हे नंतरचं. गावात सगळ्यांना ते इतकं पटण्यासारखं होतं की कुणी पुढं विचारलंच नाही. पाहुणेमंडळींत त्यावरून माझी थट्टासुद्धा झाली, एसटीची सवय विमानातही सुटली नाही म्हणून. मीही हसलो. आपण केलं त्याची लाज वाटली, पण तीही लांबून कुणाची तरी बातमी कळावी तशी.

याला सोळा वर्षं झाली. रेश्माचं आता मोठं दुकान आहे, हाताखाली तीन मुली आहेत. दर ईदला शीरखुर्मा घेऊन घरी येते. गेल्या ईदलाही आली. इंदू डबा रिकामा करायला आत गेली आणि आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो.

“आता लोक घरूनच बघून येतात, काका,” ती म्हणाली. “कुठल्या बाजूला काय दिसतं, कुठल्या सीटला पंख आड येतो, सगळं मोबाइलवर असतं. पण तुमच्यासारखं गिऱ्हाईक परत नाही आलं. पंख दाखवला तरी चौदाच.”

“सवय,” मी म्हटलं.

“मी तर घाबरले होते. काकू एवढ्या लांब जाणार आणि दिसणार काही नाही, खापर माझ्यावर फुटणार. म्हणून तुम्ही दुकानातून गेल्या गेल्या तुमच्या घरी फोन केला.”

“कुणाच्या घरी?”

“तुमच्या. काकूंनी उचलला. मी म्हटलं, काकांना सांगितलंय पंखाचं, पण ते ऐकत नाहीत, बदलून टाकू का? तर म्हणाल्या, ‘त्यांना माहीत आहे ना? मग राहू दे चौदाच. येतानाची तेवढी बदल, आणि त्यांना बोलू नकोस.’” रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. “काकू बोलल्या नाहीत तुम्हाला? मला वाटलं, एवढ्या वर्षांत...”

मी म्हटलं, “बोलली असेल. विसरलो.”

ती गेल्यावर मी आत गेलो. इंदू स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती. तिची माझ्याकडं पाठ होती.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“काय?”

“चौदा नंबरचं.”

“रेश्मा बोलली का?”

“हो.”

“बोलणारच. पोटात काही राहत नाही तिच्या.” तिनं आमटीत पळी फिरवली. “मला बघायचं होतं. तुम्हाला बघायचं नव्हतं. दोघांची सोय होत होती. चढतानाच मी त्या मुलीला सांगून ठेवलं होतं, डोंगर आला की मला मागं ने म्हणून.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही बोललात?”

आमटीला उकळी यायला लागली होती.

“येतानाची खिडकी तेवढी तुमच्यासाठी घेतली होती,” ती म्हणाली. “म्हटलं, विधीच्या आधी ह्यांना एकदा बघू दे. तुम्ही दिल्लीपर्यंत मान वळवली नाहीत. मी बघत होते. नेमके मेले ढग आले.”

तिचा आवाज तिथं जरा बसला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं आणि ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला. मी दाराची चौकट धरली. मग गॅसजवळचं स्टूल ओढून त्याच्यावर बसलो.

“इंदू,” मी म्हटलं, “कसा दिसत होता?”

ती वळली. मला तसा बसलेला पाहून तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले, फळीवरचा चहापत्तीचा जुना डबा काढला आणि त्यातून ते पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या होत्या, खाचेखालचं टिंब तेवढं ठळक होतं. तिनं ते मागाहून पेननं गिरवलं असावं.

“असं नाही, खिडकीकडं तोंड करून बसा,” ती म्हणाली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. “डावीकडून सांगते.”